झाडांच्या पैशातून पगार काढायचा का?

पत्र थोडक्यात (नाव, गाव, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

विदर्भातल्या कोळसा पट्ट्यातल्या एक ताई एका छोट्या नोंदणीकृत ट्रस्टच्या खजिनदार आहेत, बिनपगारी. कोळशाची धूळ, वाढत चाललेला उन्हाळा, खाणींच्या जनसुनावण्या, माहिती अधिकार असं काम संस्था आजूबाजूच्या आठ-दहा गावांत करते. पूर्णवेळ कार्यकर्ते दोन, एक मुलगा आणि एक बाई, दोघांना महिना १२,००० रुपये मानधन. भाडं, प्रवास, झेरॉक्स धरून महिन्याला साधारण ३५,००० लागतात. हे पैसे एका फाउंडेशनकडून येत होते, ती तीन वर्षांची ग्रँट येत्या मार्चमध्ये संपतेय आणि पुढची मिळणार नाही असं कळवलंय. सीए म्हणतात शिल्लक ठेवली की टॅक्स लागतो, म्हणून दर मार्चला सगळं खर्च करून टाकायची सवय. आत्ता खात्यात १,४०,००० आहेत पण ते एका देणगीदाराने शाळांच्या आवारात झाडं लावायला दिलेले. अध्यक्ष, ज्यांना सगळे सर म्हणतात, ते म्हणतात यातूनच पगार काढू, नंतर बघू. शिवाय एका सिमेंट कंपनीचा सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीतून) १०,००० रोपं लावायचा ८ लाखांचा प्रस्ताव आलाय, त्यात संस्थेने कंपनीच्या प्रतिमेला बाधा येईल असं काही बोलायचं नाही अशी अट आहे. सरांचा मुलगा अमेरिकेत आहे, तो तिकडे मित्रांकडून गोळा करून पाठवतो म्हणतोय. ताई विचारतात, "पगाराला कोणी पैसे देत नाही, झाडांना देतात, मग आम्ही झाडंच लावायची का? गावातले लोक गरीब, त्यांच्याकडे मागायची लाज वाटते. चेकवर माझी सही लागते. सही करू की राजीनामा देऊ? त्या दोघांना अजून यातलं काहीच सांगितलेलं नाही."

ताई, नमस्कार.

आधी चेकचं बोलते. त्या १,४०,००० वर पगारासाठी सही करू नका. सरांचा हेतू वाईट नाही हे तुमच्या पत्रातूनच कळतंय, त्यांना दोन माणसं टिकवायचीयत, पण शाळेतल्या झाडांसाठी म्हणून दिलेला पैसा तुमच्या खात्यात पडला म्हणून संस्थेला वाटेल तसा वापरायला मोकळा होत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे जो ताळेबंद जातो, शेड्यूल आठ, त्यात ठरावीक कामासाठी आलेल्या निधीचा वेगळा रकाना याचसाठी असतो, आणि छोट्या संस्थांच्या ताळेबंदात मी तो बहुतेक वेळा कोराच बघते, सगळा पैसा एकाच आकड्यात. तुमचाही तसाच असणार असं वाटतंय, तो यावर्षीच सीएंकडून सुधारून घ्या. आणि "नंतर बघू" मधलं नंतर म्हणजे जून, पाऊस पडला की शाळा विचारणार रोपं कुठंयत, तेव्हा हे पैसे कुठून आणणार?

पण एक सरळ मार्ग आहे जो फारसं कोणी वापरत नाही, तो म्हणजे देणगीदारालाच विचारणं. मेल लिहा की झाडं लावायची आहेतच, पण हेडमास्तरांशी बोलणं, खड्डे, कुंपण, मुलांच्या पाणी घालायच्या पाळ्या, सुट्टीत कोण बघणार, हे सगळं आमची कार्यकर्ती करणार आहे, तिच्या चार महिन्यांच्या मानधनाचा काही भाग या रकमेतून घेतला तर चालेल का, आकडा अमुक. लेखी हो आलं की विश्वस्तांच्या मिटिंगमध्ये ठराव करा आणि मेलची प्रिंट व्हाउचरला लावून ठेवा. नाही म्हणाले तर तो विषय संपला. देणगीदार विचारल्यामुळे रागावलाय असं मी क्वचित पाहिलंय, न विचारता वापरल्यामुळे कायमचे तुटलेले बरेच पाहिलेत.

आता ते वाक्य, "पगाराला कोणी पैसे देत नाही". यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण अशी पत्रं मला कोकणातून येतात, मराठवाड्यातून येतात, सगळ्यांचं म्हणणं हेच.

उदाहरण म्हणून एक जनसुनावणी घ्या. २००६ च्या ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम तपासायच्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी नोटीस निघते, एका राष्ट्रीय पेपरात आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात, आणि प्रकल्प अहवालाचा मराठी सारांश लोकांना बघायला ठेवावा लागतो. आता या ३० दिवसांत कोणीतरी आतल्या पानावरची ती नोटीस बघायची, अहवाल मिळवायचा, वाचायचा, त्यात गावचा नाला दाखवलेलाच नाही हे शोधायचं, चार गावांत जाऊन बायकांना पुरुषांना समजावून सांगायचं, ग्रामसभेत विषय घ्यायला लावायचा, हरकती लिहून पोचपावतीसह द्यायच्या, त्या दिवशी लोकांना तिथे न्यायचं. आणि मग शेवटपर्यंत थांबायचं! कारण सुनावणी संपताना झालेल्या कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा नियम आहे आणि तेव्हा मांडव अर्ध्याहून रिकामा असतो, ऊन असतं, लोक ट्रॅक्टरने परत निघालेले असतात, कंपनीची माणसं खुर्च्या गोळा करायला लागलेली असतात. अशा वेळी तुमची ती कार्यकर्ती उभी राहून म्हणते की साहेब, विहिरींच्या पाण्याचा मुद्दा यात आला नाही, तो लिहून घ्या. ती ओळ नोंदली गेली की पुढे मंजुरीला आव्हान द्यायची वेळ आली तर तिचा आधार असतो, नाही गेली तर गाव काही बोललंच नाही असं धरलं जातं. आणि आव्हान द्यायला एनजीटीत (राष्ट्रीय हरित लवादात) मुदत किती, तर ३० दिवस, सबळ कारण दाखवलं तर फार तर अजून ६०. तेवढ्यात पुण्याच्या खंडपीठापर्यंत कागद पोचवायचे तर कागद आधीपासून तयार लागतात.

यात बाहेर जाणारा पैसा किती आहे बघा. आरटीआयच्या अर्जाला १० रुपये, माहितीच्या पानाला २ रुपये, काळी-पिवळीचं भाडं, थोडं झेरॉक्स. बाकी सगळं माणसाचा वेळ. तुमच्या संस्थेचं काम म्हणजे त्या दोघांचे दिवस, दुसरं काही नाही, आणि वर्षाचे ते २,८८,००० तुम्ही (सगळ्याच संस्था असं करतात) प्रशासकीय खर्चात टाकता, मग देणगीदाराला दिसतं की ४,२०,००० मधले पावणेतीन लाखाच्या वर "पगारात गेले" आणि तो म्हणतो यांच्यापेक्षा झाडवाले बरे. तुमची मांडणीच तशी आहे, त्याचा काय दोष!

म्हणून दोघांनाही रोजची डायरी ठेवायला सांगा, दिवस कशात गेला याची एक ओळ पुरते. तीन महिन्यांनी त्यावरून हिशोब असा मांडता येतो की सुनावण्यांच्या तयारीला इतके, मंजुरीतल्या अटी पाळल्या जातात का ते बघायला इतके, उन्हाळ्यात दुपारच्या कामाच्या वेळा बदलून घ्यायला इतके. अटींचं तर फारच महत्त्वाचं आहे. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक असतो. तो अहवाल हातात घेऊन रस्त्यावर उभं राहायचं, ट्रकवर ताडपत्री आहे का, पाणी मारलंय का, अहवालात 'पूर्तता झाली' लिहिलंय आणि समोर धुळीचा लोट उठतोय त्याचा तारखेसकट फोटो काढायचा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्यायचा आणि पोच घ्यायची. "एका वॉशरीच्या (कोळसा धुण्याच्या कारखान्याच्या) अटींवर वर्षभर लक्ष ठेवायला ४०,००० रुपये लागतात" असं म्हटलं की समजूतदार माणूस पैसे देतो. मी देणारी माणसं बघितलीयत, निवृत्त शिक्षक, डॉक्टर, गाव सोडून पुण्यात गेलेली मुलं.

आणि दाखवायला काही नसतं हेही खरं नाही. तुमच्याच पट्ट्यातलं आठवा, २००९ मध्ये ताडोबाजवळ लोहाऱ्याची कोळसा खाण येत होती, चंद्रपूरकर उपोषणाला बसले, रस्त्यावर उतरले, आणि केंद्राला पाऊल मागे घ्यावं लागलं. त्याचा फोटो काय काढणार, जंगल होतं तिथेच आहे. पण कुणी मला विचारलं की त्या वर्षी विदर्भात पर्यावरणाचं सगळ्यात मोठं काम कोणतं झालं तर मी तेच सांगेन. त्याउलट राज्याने २०१९ ला ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं, त्यातली आज किती उभी आहेत हे तुमच्या तालुक्यात फिरून तुम्हीच बघू शकता. झाडं लावू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, तुमच्याकडच्या उन्हाळ्यात सावली म्हणजे जीव आहे. पण झाडं लावणं आणि कोळशाची धूळ थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत, पहिलं केलं म्हणून दुसरं होत नाही, आणि पहिलं करणारे खूप आहेत.

वर्षाला एकदा दोन पानी मराठी अहवाल काढा. किती हरकती दिल्या, किती आरटीआयला उत्तर आलं, कुठल्या अटीची अंमलबजावणी सुरू झाली, काय जमलं नाही. जमलं नाही तेही लिहा, त्याने विश्वास वाढतो.

सीएसआरचं. १०,००० रोपं, ८ लाख, म्हणजे रोपामागे ८० रुपये. त्यात रोप, खड्डा, खत, काठी किंवा जाळी, आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे टँकरचं पाणी? ४५ अंशाच्या वर जाणाऱ्या मे महिन्यात? होणार नाही ताई. त्यात दोघांचे पगार "बसवायचे" म्हणजे रोपांच्या पाण्यातूनच ते काढावे लागणार, तिसऱ्या वर्षी वाळलेल्या काटक्यांपुढे संस्थेची पाटी उभी असणार. घ्यायचाच असेल तर स्वतःच्या अटींवर घ्या, २,००० रोपं, तीन वर्षं देखभाल, आणि एका माणसाचं मानधन बजेटमध्ये उघड लिहून. बरेच जण सांगतात सीएसआरमधून पगार चालत नाही, ते चूक आहे. नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, प्रत्यक्ष प्रकल्प राबवायला, देखरेखीला जो खर्च होतो तो त्यात धरत नाहीत. मात्र ती प्रतिमेची अट काढून टाकल्याशिवाय सही नको. आज त्या कंपनीशी तुमचं भांडण नसेल, पण सिमेंट कंपनी म्हटलं की चुनखडीची खाण आली, तिचा विस्तार आला, त्याची जनसुनावणी आली, आणि त्या दिवशी गाव तुमच्याकडे बघणार. तुम्ही मांडवात गप्प बसलात तर पुढच्या गावात कोणी दार उघडणार नाही. ते अट काढायला तयार नसतील तर नम्रपणे नाही म्हणा, यावर माझं मत पक्कं आहे.

शिल्लक ठेवता येत नाही, हा तुमच्याच नाही तर अर्ध्या महाराष्ट्रातल्या संस्थांचा समज आहे. आयकराचा नियम असा की नोंदणी असलेल्या संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्देशासाठी वापरायचे, उरलेले १५ टक्के काही न विचारता राखून ठेवता येतात. त्याहून जास्त ठेवायचे तर कशासाठी ते ठरवून, वेळेत फॉर्म भरून पाच वर्षांपर्यंत ठेवता येतात. आणि कोणी "हे कॉर्पससाठी", म्हणजे संस्थेच्या कायमच्या मूळ निधीसाठी, असं लेखी देऊन दिलं तर ते वेगळंच, फक्त नियमात सांगितलेल्या ठिकाणी गुंतवायचं. तुम्ही तीन वर्षं १५ टक्के बाजूला टाकले असते तर आज पाच महिन्यांची सोय असती. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, कलमांचे आकडे बदलले, म्हणून मी कलमं सांगत नाही, सीएंना एवढंच विचारा की आमचे १५ टक्के कुठे आहेत. आणि त्यातच आपल्या नोंदणीची आणि ज्याला सगळे ८०जी म्हणतात त्या देणगीदाराच्या करसवलतीच्या मान्यतेची मुदत कधी संपतेय तेही बघून घ्या, ही तारीख चुकवून अडकलेल्या संस्था खूप आहेत.

गावाकडे मागायची लाज. ताई, त्याच गावात भागवत सप्ताहाला वर्गणी किती होते? भंडाऱ्याला पोतं-पोतं तांदूळ येतो, ज्याच्याकडे काही नाही तो दोन दिवस राबतो. लोक गरीब आहेत पण देत नाहीत असं नाही, तुम्ही त्यांना विचारलंच नाहीये, आणि न विचारून नकळत त्यांना नुसते लाभार्थी करून टाकलंय. घरटी २० रुपये महिना घेतले तरी ज्याने दिले तो मिटिंगला येऊन विचारतो काय झालं त्या अर्जाचं, मला तर पैशापेक्षा ते विचारणं मोलाचं वाटतं. फक्त एक जपा, ज्या घरातला मुलगा खाणीत किंवा वॉशरीत कामाला आहे त्यांना गर्दीत मागू नका, त्यांची अडचण असते. दिली तर गुपचूप घ्या पण पावतीवर नाव-पत्ता लिहाच, ते पुस्तक तुमच्याकडेच राहतं. पावतीशिवाय निनावी जमा झालेला पैसा एका मर्यादेपुढे गेला, म्हणजे १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के यातलं जे जास्त असेल त्यापुढे, तर त्यावर ३० टक्के कर आहे. शहरातल्या माणसांसाठी यूपीआयवरून महिना २०० रुपये ठेवा, १०० माणसं झाली की २०,००० महिन्याला होतात, तुमच्या गरजेच्या अर्ध्याहून जास्त. करसवलतीचं आमिष फार दाखवू नका, नवीन कररचनेत ती मिळतच नाही, जुनी रचना ठेवलेल्यांनाच मिळते, आणि २,००० च्या वर रोख दिले तर त्यांनाही नाही.

सरांच्या मुलाचे पैसे आत्ता थांबवा. तो स्वतः अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून दिलेले चालतात, पासपोर्टची कॉपी फाइलला ठेवा. अमेरिकन नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरीही, तो परदेशी स्रोत धरला जातो, आणि मित्रांकडून गोळा करून पाठवणं तर नकोच. परदेशी पैसा घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, त्यासाठी तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत कामावर किमान १५ लाख खर्च हवा, तुमचा हिशोब १२-१३ लाखांवर जातोय. दुसऱ्या एफसीआरए संस्थेच्या खात्यात मागवून घेऊ असं कोणी सुचवलं तर २०२० च्या दुरुस्तीने तो मार्गही बंद झालाय. चांगल्या हेतूने आलेल्या परदेशी ५०,००० मुळे संस्थेवर गुन्हा दाखल व्हायला नको.

आणि फाउंडेशनला परत एक फोन करा. पुढची ग्रँट नाही म्हणाले, ठीक, पण हातातली काही रक्कम खर्च व्हायची असेल तर मुदतवाढ मागा, सहा महिन्यांची छोटी रक्कम मागा, आणि दोन-तीन दुसऱ्या देणाऱ्यांशी ओळख करून द्या म्हणा. तीन वर्षं त्यांनी तुमचं काम बघितलंय, त्यांच्या एका फोनला वजन आहे.

राजीनाम्याचं म्हणाल तर आत्ता देऊ नका. तुम्ही गेलात की चेकवर दुसऱ्या कोणाची तरी सही होईल, तो प्रश्न सुटणार नाही. शिवाय विश्वस्त बदलला की धर्मादायकडे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, बँकेत सह्या बदलायला वेळ जातो, आणि मार्चच्या तोंडावर हे सगळं त्या दोघांच्याच पगारावर येणार. त्यापेक्षा विश्वस्तांची मिटिंग लावा, सात दिवसांची नोटीस काढून, आणि तुमचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्या, की झाडांचा निधी परवानगीशिवाय दुसरीकडे वापरायला खजिनदारांचा विरोध आहे. सरांना मिटिंगच्या आधी एकटं गाठून सांगा, चारचौघांत नको, त्यांनी उभं केलेलं काम आहे. एवढं होऊनही बहुमताने उलटा ठराव झाला तर मग राजीनाम्याचा विचार करा आणि त्यात कारण लिहा.

राहिले ते दोघं. त्यांना याच आठवड्यात सांगा, दोघांना एकत्र बसवून, तुम्ही आणि सर दोघांनी. खात्यात काय आहे, मार्चनंतर काय नाही, कुठे कुठे विचारलंय, कुठल्या तारखेपर्यंत कळेल, सगळं आकड्यांनिशी. बाईंना कदाचित अंगणवाडीत किंवा बचत गटात दुसरं काही बघावं लागेल, मुलाचे एखाद्या भरतीचे फॉर्म भरायचे राहिले असतील, त्यांना तेवढा वेळ मिळायला हवा. अर्धवेळ कामावर सहा महिने काढायची त्यांची तयारी आहे का हेही तेव्हाच विचारा, आणि ते जे सांगतील ते धरूनच एप्रिलचं बजेट करा.